रंगवेडा राजा, रंगांधळा कारखानदार आणि आपण



कुंडलला तुमच्यातल्या बहुतेक जणी जाऊन आल्या असतील. गावात कलिकुंड पार्श्वनाथ आणि डोंगरावर झरी पार्श्वनाथ, गिरी पार्श्वनाथ. तिन्ही ठिकाणी दर्शन करायचं, डोंगर चढून-उतरून गुडघे धरायचे, आणि मग खाली स्टेशनावर गाडीची वाट बघत बसायचं. त्या स्टेशनाचं नाव आज किर्लोस्करवाडी आहे. पूर्वी ते 'कुंडल रोड' होतं. त्या नावबदलामागे जी माणसं आहेत त्यांच्याबद्दल आज लिहायचं आहे. यंत्रांचं आणि पंपांचं तुम्ही ऐकलेलं असतं. मला सांगायचं आहे ते त्यांच्या रंगांच्या नादाबद्दल.

निमित्त आमच्या स्वाध्याय मंडळातल्या एका चर्चेचं. एका ताईंनी सरळच विचारलं, "आपण वीतरागाची पूजा करतो. मग हे भरतकाम, रांगोळ्या, मण्यांची तोरणं, रंगवलेले माठ, हा सगळा प्रमादच नाही का? तेवढ्या वेळात दोन माळा होतील." दोघी-तिघींनी माना डोलावल्या. ज्यांच्या पिशवीत विणकामाच्या सुया होत्या, त्यांनी पिशवी जरा मागे सरकवली. मी ते पाहिलं आणि मला ते बरं वाटलं नाही.

प्रश्न मात्र खोटा नाही. शब्दाच्या मुळाशी गेलं तर तो जास्तच टोचतो. संस्कृतातल्या 'रंज्' धातूचा अर्थ रंगणे, रंगवणे. त्यातून 'रंग' आला, 'रंजन' आलं आणि 'राग'ही आला. मराठीत राग म्हणजे संताप, पण शास्त्रात राग म्हणजे आसक्ती. पांढऱ्या कापडाला रंग चढावा तशी जीवाला चढते ती. ज्याचा तो रंग उतरला तो वीतराग. म्हणजे आपल्या भाषेनेच रंग आणि आसक्ती एका घरात नांदवल्या आहेत.

पण त्याच धर्माने आपल्याला शिकवलं कशातून? रंगातूनच. लेश्या सहा: कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत मनाची उतरंड. जांभळाच्या झाडाचं ते चित्र कित्येक मंदिरांच्या भिंतींवर असतं. एक माणूस झाड मुळापासून तोडायला निघालेला, दुसरा मोठी फांदी तोडणारा, आणि शेवटचा खाली पडलेली जांभळं वेचून समाधान मानणारा. लहानपणी पाठशाळेत लेश्यांची नावं पाठ होण्याआधी हे चित्र डोक्यात बसलेलं असतं. तीर्थंकरांचे वर्णही पाहा. चंद्रप्रभ आणि पुष्पदंत श्वेत, पद्मप्रभ आणि वासुपूज्य लाल, सुपार्श्व आणि पार्श्वनाथ हिरवे, मुनिसुव्रत आणि नेमिनाथ श्याम, बाकीचे सोळा सुवर्णवर्णी. आपला पाच रंगांचा ध्वज तर अगदी अलीकडचा. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी, १९७४ च्या सुमारास, सगळ्या पंथांनी मिळून तो मान्य केला. इतक्या गोष्टींवर न जमणारे आपले पंथ रंगांवर मात्र एक झाले.

आणि आदिपुराण. नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात आचार्य जिनसेनांनी ते रचलं. त्यात भगवान ऋषभदेव प्रजेला जगण्यासाठी सहा कर्मं शिकवतात: असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवले तेही तिथलंच. मी कॉमर्सची, त्यामुळे वाणिज्याचा उल्लेख आला की मान ताठ होते. पण वाणिज्याच्या शेजारीच शिल्प बसलंय हे मला बरीच वर्षं दिसलंच नव्हतं. हाताने काही घडवणं हे आपल्याकडे रिकामपणाचं लक्षण कधीच नव्हतं. आदिनाथांनी शिकवलेल्या सहांतलं ते एक आहे.

आता कुंडल रोडकडे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुलाला शाळेत रस नव्हता, चित्रांत होता. मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जायचा हट्ट धरला आणि थोरल्या भावाच्या मदतीने १८८५ मध्ये तो पुराही केला. तिथे दोनेक वर्षं चांगली गेली आणि मग ध्यानात आलं की या मुलाला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला घर सोडून आलेल्या मुलाला यापेक्षा वाईट बातमी कोणती असेल? रंग सुटले, पण रेघ सुटली नाही. त्यांनी यंत्रांची रेखाचित्रं काढायला घेतली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तिथून पुढे बेळगावला सायकलचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, म्हणून पहिले नांगर खपायला फार वेळ लागला. हा भाग सगळीकडे लिहिलेला आहे, मी तो इथेच सोडते.

बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा त्यांच्या हातात औंधला देवळाच्या सभामंडपाचं काम होतं. औंध म्हणजे आपल्या साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराचं. तिथले राजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले होते. संस्थान लहान, बहात्तर गावांचं, तेही सलग नव्हे. इकडे आटपाडी, तिकडे कुंडल, असे तुकडे तुकडे. राजाने किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये दिले, तेही बिनव्याजी. १९१० साली दहा हजार बिनव्याजी! हिशेबाच्या वहीत ही नोंद कशी पडेल याचा विचार करून बघा. तारण काय तर निवडुंगाने भरलेला, सापांचा माळ आणि एका माणसाची चिकाटी. पण मला वाटतं राजाने त्या माणसात आणखी काहीतरी ओळखलं असावं, कारण राजा स्वतः चित्रकार होता.

बाळासाहेबांना रंगांचा नाद किती होता ते औंधला गेल्याशिवाय कळत नाही. स्वतः रामायणातले प्रसंग रंगवून त्यांनी १९१६ मध्ये 'चित्ररामायण' छापून काढलं. अजिंठ्यावर आणि वेरूळवर पुस्तकं लिहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची संशोधित आवृत्ती काढायचं मनावर घेतलं तेव्हा मोठी देणगी दिली. कीर्तनं करत. सूर्यनमस्कारांचा प्रचार तर इतका की औंध आणि सूर्यनमस्कार हे शब्द जोडीने घेतले जात. १९३८ मध्ये डोंगरावर वस्तुसंग्रहालयाची इमारत उभी राहिली. आतमध्ये राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं, पहाडी शैलीतली लहान लहान चित्रं, हस्तिदंताची आणि चंदनाची कोरीव कामं आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'माता आणि मूल'. हेन्री मूरचं काम बघायला लोक लंडनला जातात, आणि आपल्याकडे ते माणदेशाच्या उंबऱ्यावर एका डोंगरावर आहे. (हस्तिदंतासमोर मी फार वेळ थांबत नाही. काम कितीही नाजूक असलं तरी हत्ती आठवतो. तुम्हालाही आठवेल.)

हे सगळं राजाला जमलं कारण तो राजा होता, हे मला मान्य आहे. त्याला भाकऱ्या थापायच्या नव्हत्या. पण त्याच राजाने १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना करून सत्ता लोकांच्या हाती दिली. रंगांच्या नादाने माणूस कर्तव्य विसरतो असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा तपासावं. आणि राजाचा नाद राजवाड्यात राहिला नाही. औंधच्या शाळेत शिकलेला माडगूळ्याचा एक गरीब मुलगा पुढे ग. दि. माडगूळकर झाला. चित्ररामायण काढणाऱ्या राजाच्या गावात वाढलेल्या या मुलाने १९५५ मध्ये छप्पन्न गीतांचं गीतरामायण दिलं. त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर लेखक तर होतेच, पण त्यांच्या हातात रेखाटनाची वहीही कायम असे.

औंधला आणखी एक चित्रकार होते आणि त्यांचं चित्रकारपण आपण पार विसरलो आहोत. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. वेदांचे भाष्यकार म्हणून ते सगळ्यांना ठाऊक. पण मुळात ते जे. जे. मध्ये शिकलेले. हैदराबादेत आणि लाहोरला त्यांनी चित्रकलेवरच पोट भरलं, आणि १९१८ च्या सुमारास औंधला येऊन स्वाध्याय मंडळ काढलं. म्हणजे ज्या माणसाने स्वाध्यायाला आयुष्य दिलं त्याच्या बोटांना आधी रंग लागलेला होता.

या सातवळेकरांकडे लाहोरला चित्रकला शिकायला गेलेला एक तरुण होता शंकरराव किर्लोस्कर, लक्ष्मणरावांचा पुतण्या. 'शं. वा. कि.' म्हणून पुढे तो ओळखला गेला. काकाच्या कारखान्यात हा चित्रकार काय करणार? त्याने जाहिराती काढल्या, नांगरांची चित्रं काढली, आणि १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' नावाचं लहानसं पत्रक सुरू केलं. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. पुणे नाही, मुंबई नाही, आपल्या कुंडलच्या माळावरून महाराष्ट्रभरच्या बायकांच्या हातात दरमहा एक अंक पडू लागला. जी बाई सासरच्या उंबऱ्याबाहेर क्वचितच जायची, तिच्या फडताळात चित्राच्या मुखपृष्ठाचा अंक आला. त्यात तिच्या लग्नाबद्दल, शिक्षणाबद्दल, मिळकतीच्या हक्काबद्दल लेख असत. काका रंग पाहू शकत नव्हता आणि पुतण्या रंगांवाचून राहू शकत नव्हता. दोघांच्या मध्ये तो कारखाना आणि ते मासिक उभं राहिलं.

माझ्या सांगलीच्या आत्याकडे 'स्त्री'चे जुने अंक बांधून ठेवलेले होते. चातुर्मासात दुपारी ती एका हाताने वाती वळायची आणि मांडीवर अंक उघडा असायचा. वाती वळून झाल्या तरी अंक मिटायचा नाही.

याच कुंडलच्या आणखी एका बाईचं नाव घेतलं पाहिजे: कमलाबाई ओगले. जन्म १९१३, कुंडलचाच. शिक्षण जेमतेम चौथी. लग्नानंतर सांगलीत संसार. १९७० मध्ये त्यांचं 'रुचिरा' आलं आणि घराघरात पोचलं. मला त्या पुस्तकातलं सगळ्यात काय आवडतं सांगू? मापं. वाटी, चमचा, पळी. त्याआधीच्या पाककृतींत मापं शेर-छटाकात किंवा 'अंदाजाने'. कमलाबाईंनी बाईच्या हाताशी जे असतं तेच माप धरलं. कांदा-लसूण-बटाट्याची पानं आपण उलटून पुढे जातो, तरी माझ्या प्रतीचा कणा तीनदा चिकटवून झालाय. स्वयंपाकाला कुणी छंद म्हणत नाही, कारण तो रोज करावा लागतो. पण त्यात रंग, चव, मांडणी यांचा विचार करून तो लिहून ठेवणं हे शिल्पच आहे, सहा कर्मांतलं.

सांगलीचं सांगताना विष्णुदास भाव्यांना वगळता येणार नाही. १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने त्यांनी 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी नाटक जन्माला आलं, हे शाळेतच पाठ झालेलं. पण भावे हाताचे कसबी होते. त्यांनी लाकडाच्या बाहुल्या केल्या, सांध्या-सांध्यांत हलणाऱ्या. त्यांचा खेळ त्यांच्या मनासारखा रंगला नाही. त्या बाहुल्या पेटीत पडून राहिल्या, आणि शंभराहून जास्त वर्षांनी रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. नाटकाने नाव मिळालं, तरी बाहुल्या कुणी टाकून दिल्या नाहीत हे किती बरं झालं.

ही सगळी नावं असलेली माणसं. आता बिननावाच्यांकडे येते, म्हणजे आपल्याकडे.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गोधडी (काही घरांत तिला वाकळ म्हणतात) शिवली नाही असं जुनं घर सापडायचं नाही. जुनी लुगडी, धोतरं, फाटके खण, एकावर एक घालून साधा धावदोरा. कुठला तुकडा कुठे लावायचा ते शिवणारी ठरवते. माझ्या सासूबाईंच्या एका वाकळेत कडेला हिरवा, मध्ये जांभळा, आणि एका कोपऱ्यात उगीचच एक लाल चौकोन आहे. "तो का?" असं विचारलं तर म्हणाल्या, "तिथं बरा दिसला." एवढंच. औंधच्या राजानेही याहून वेगळं उत्तर दिलं नसतं.

आपल्यातल्या बऱ्याच जणींची माहेरं निपाणी, चिकोडी, बेळगाव, धारवाडकडची. त्या येताना इरकल लुगड्यावरचा कशिदा घेऊन आल्या, ज्याला तिकडे कसुती म्हणतात. त्याचे टाके चार: गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. कापडावर आधी काही छापायचं नाही, ताणा-बाण्याचे धागे मोजत जायचं, आणि गाठ मारायची नाही. गवंती तर दोन्ही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. गोपुर, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर सगळे मोजून. ज्या बायकांना सही करता येत नव्हती त्या कापडावर इतकी गणितं चुकल्याशिवाय करत होत्या. सुंदरीला अंक शिकवले ते काही वाया गेले नाहीत.

आणि मंडल विधान. आष्टान्हिकात सिद्धचक्र विधान असलं की मंदिरात मोठं मंडल मांडतात. रंगीत तांदळाने, रंगीत चूर्णाने, कोष्टक कोष्टक भरत. पहिल्या दिवशी आठ अर्घ्य, मग सोळा, बत्तीस, दुप्पट दुप्पट करत आठव्या दिवशी एक हजार चोवीस. मी एकदा बेरीज केली: दोन हजार चाळीस. मंडल भरायला बसलेल्या बायका पाहा. तास-दोन तास कुणी बोलत नाही, रेघेबाहेर दाणा जाऊ नये म्हणून श्वास धरलेला असतो. मला तर सामायिकात बसल्यावरही मन इतकं ठिकाणावर राहत नाही. उत्तरेकडच्या तेरापंथी मंदिरांत फुलं तोडायची नाहीत म्हणून केशरात रंगवलेले तांदूळ फुलांच्या जागी वाहतात, आणि दिव्याऐवजी केशरी खोबऱ्याचे तुकडे. हिंसा टाळायची होती तेव्हा आपल्या लोकांनी रंगाचाच आधार घेतला.

त्या ताईंच्या प्रश्नाची खरी धार मला इथे दिसते. आपण रंगायचं की नाही यापेक्षा रंग आला कुठून, हे विचारणं मला जास्त जैन वाटतं. रेशमाचा धागा किड्याला उकळून निघतो. जुना अळिता लाखेचा, म्हणजे पुन्हा किड्यांचाच. चांगले म्हणवले जाणारे कुंचले खारीच्या नाहीतर दुसऱ्या प्राण्याच्या केसांचे असतात. आता नायलॉनचे मिळतात आणि काही कमी पडत नाही. भरतकामाला सुती दोरा आहे. आपल्या घरचं खरं कुंकू तर हळदीचं, टाकणखार आणि लिंबाच्या रसाने लाल केलेलं. हळद सांगलीची, जिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जी हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या कोठारांत, वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुराने त्यातली बरीच पेवं निकामी केली. पिठाच्या कोंबड्याची यशोधर राजाची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच, पिठाचा असला तरी मारायचा संकल्प झाला तो झालाच. म्हणून आमच्याकडे रांगोळीत मोर काढला तर त्यावर झाडू फिरवत नाही. सासूबाई हलक्या हाताने पाणी शिंपडून तो पुसायच्या. हा आमच्या घरचा रिवाज, सगळीकडे असेलच असं नाही.

त्या ताईंना मी एवढंच म्हटलं की माळ जपायच्या वेळी सुई हातात धरू नये हे शंभर टक्के खरं. पण टीव्हीवरच्या मालिकेच्या वेळी धरली तर त्यात नफाच आहे. त्या हसल्या. पटलं की नाही ते कळलं नाही. पुढच्या बैठकीला मात्र सुयांची पिशवी कुणी मागे सरकवली नाही.

मंडळाची सहल कुंडलला काढायचं घाटतंय. मी सुचवलंय की एक दिवस वाढवून औंधही करावं. सकाळी लवकर निघायचं, यमाईच्या डोंगरावर ऊन चढायच्या आत पोचायचं आणि संग्रहालयाची वेळ आधी फोनवर विचारून घ्यायची. चढ आहे, पण वरपर्यंत गाडी जाते. डबा घरचा. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपापली नावं बैठकीत द्यावीत, आणि ज्यांच्याकडे आजी-सासूची जुनी वाकळ किंवा कशिद्याचं लुगडं असेल त्यांनी ते सोबत आणावं. गाडीत दाखवता येईल.